बदली येईपर्यंत

शाळांमधल्या स्वयंसेवी क्लबांसाठी जी नेतृत्व शिबिरं भरतात, त्यांना सैन्याचं भारी आकर्षण असतं. गटांची नावं अल्फा आणि ब्राव्हो, कामाला 'मिशन', गटप्रमुखाला 'कमांडर', भिंतीवर दोरीला लटकलेल्या जवानाचं पोस्टर, आणि शेवटच्या दिवशी छातीवर बिल्ला. सैन्याकडून काही घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. आपण तर ते घेण्यासाठीच घर सोडून इथे राहतो. पण या शिबिरांमध्ये सैन्याकडून जे घेतलं जातं ते चुकीचं घेतलं जातं, आणि जे खरोखर उपयोगाचं आहे ते सैन्यातच राहतं, असं माझं मत झालं आहे. या सत्रात आपल्या शाळेच्या समाजसेवा क्लबसाठीही असं शिबिर घ्यायचं घाटतं आहे. म्हणून ते ठरण्याआधी लिहितो.

माझं घर बंगळूरला मारतहळ्ळीत आहे. मराठी पाहुणे आले की हे नाव ऐकून आधी खूश होतात आणि मराठ्यांची छावणी इथे पडली होती का, हे विचारतात. नावाबद्दल दोन-तीन कथा सांगतात. आम्हा मुलांना आवडणारी कथा 'मारुत' विमानाची. एचएएलचा विमानतळ शेजारीच आहे आणि आपल्या देशात बनलेलं एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं ते बंगळूरहूनच. कथा खरी असो वा नसो, आज मारतहळ्ळी म्हणजे बाहेरचा रिंग रोड, त्यावरचा पूल, काचेच्या इमारती, आणि त्या इमारती बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या. रायचूर, कलबुर्गी, बिदर, यादगीर, पलीकडे ओडिशा आणि बंगाल, इतक्या ठिकाणची माणसं त्या पत्र्यांखाली राहतात. त्यांची मुलं एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर जातात आणि शाळा मध्येच सुटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या भागातल्या काही शाळांच्या क्लबांनी मिळून शिबिर घेतलं. बहिणीची शाळा त्यात होती आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जागा होती, म्हणून मी गेलो. तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, बांधकाम मजुरांच्या मुलांना एका सभागृहात वाचायला शिकवायचं, असा बेत होता.

तीन दिवस मजेत गेले, हे आधी कबूल करतो. कागदी पेल्यांचे मनोरे रचले. डोळे बांधून एकमेकांना दोरीवरून नेलं. नेतृत्वाचे किती प्रकार असतात ते पडद्यावर पाहिलं आणि आपण त्यातले कोणते, हे एका प्रश्नावलीतून काढलं. प्रत्येकाने एका मोठ्या कागदावर चित्रं चिकटवून पाच वर्षांनंतरचं स्वप्न तयार केलं. भाषण करायचं सत्र चांगलं होतं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी तिथे तीन मिनिटं सलग बोलली आणि तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. सगळ्यांत चांगलं सत्र प्रथमोपचाराचं होतं, कारण तिथे कोणी बोलत नव्हतं, सगळे एकमेकांना बँडेज बांधत होते.

दुसऱ्या दिवशी फील्ड मार्शल चेटवुड यांचं आयएमएमधलं १९३२ सालचं वचनही आलं. ते येणारच होतं. देश आधी, मग आपली माणसं, स्वतः सगळ्यांत शेवटी, हा त्याचा अर्थ आपल्याला सहावीतच पाठ झालेला असतो. ते वाचून झालं आणि नाश्त्याची सुट्टी झाली, तेव्हा गटप्रमुखांसाठी वेगळं टेबल होतं आणि त्यांना आधी वाढलं. इडल्या गरम होत्या. मागच्यांना मिळाल्या तोपर्यंत चटणी संपली होती. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण वाचलेलं वचन आणि लावलेलं टेबल यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खरी परीक्षा रविवारी सुरू झाली. पहिल्या रविवारी सव्वीस स्वयंसेवक आणि एकोणीस मुलं. स्वयंसेवक जास्त झाल्याने काही जण नुसते फोटो काढत होते. दुसऱ्या रविवारी सोळा. तिसऱ्या रविवारी अकरा. चौथ्या रविवारी आम्ही पाच जण होतो आणि मुलं तेवीस झाली होती. जे आले नाहीत ते वाईट नव्हते. कोणाचा क्लास होता, कोणी आजोळी गेलं होतं, कोणाला उन्हाळ्यात ताप आला होता. प्रत्येकाचं कारण खरं होतं. अडचण अशी की, तीन दिवसांच्या प्रशिक्षणात एकालाही कोणी सांगितलं नव्हतं की, तू येणार नसशील तर तुझ्या जागी कोण येईल हे बघायचं काम तुझं आहे.

हीच गोष्ट तळ्याकाठचा कचरा उचलताना झाली असती तर एवढी बोचली नसती. प्लास्टिकची पिशवी पुढच्या रविवारपर्यंत तिथेच पडून राहते. मूल तसं राहत नाही. पहिल्या रविवारी ज्या दादाने मांडीवर पुस्तक घेऊन वाचून दाखवलं, त्याला ते पुढच्या रविवारी दारात उभं राहून शोधतं. तिसऱ्या रविवारी शोधणं बंद करतं. हे मी दोन-तीन मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं. एका बाईने तर मला सरळ विचारलं. ती बिदर जिल्ह्यातल्या भालकीची, मी बहिणीशी मराठीत बोलताना तिने ऐकलं होतं. म्हणाली, "बाळा, पुढल्या ऐतवारी येनार का न्हाई, तेवढं सांगा. पोरगं शनवारपासनं अंघोळीला घाई करतंय." तिला आमचं मिशन, आमचं स्वप्न, आमचा गट कोणता, यातलं काही नको होतं. तिला एक हो किंवा नाही हवं होतं.

आता आपल्या, म्हणजे गणवेशातल्यांच्या भूमिकेविषयी. दुसऱ्या एका शाळेतला एनसीसीचा एक सार्जंट आमच्यात होता. चांगला मुलगा, आवाज खणखणीत. दुसऱ्या रविवारी त्याने स्वयंसेवकांना नऊच्या ठोक्याला तीन रांगांत फॉल-इन केलं, उशिरा आलेल्या चौघांना सगळ्यांसमोर कारण विचारलं आणि कामं वाटून दिली. काम त्या दिवशी फार नीट झालं, हे मान्य करायला हवं. पुढच्या रविवारी ते चौघे आले नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्रही आले नाहीत. सार्जंटला याचं मनापासून वाईट वाटलं आणि तो म्हणाला की यांच्यात शिस्तच नाही. मला वाटतं, शिस्तीचा प्रश्न नव्हता. परेडवर गैरहजर राहिलेल्या कॅडेटला परिणाम भोगावा लागतो, म्हणून हुकमाला वजन असतं. स्वयंसेवकाला काहीच भोगावं लागत नाही. तो उठून घरी जाऊ शकतो, आणि जातो. ज्याला जायची मोकळीक आहे त्याला थांबवून धरणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती आवाजात नसते.

एसएसबीची तयारी करणाऱ्या सीनियर्सना हे एका उदाहरणाने लवकर कळेल. जीटीओच्या मैदानावर कमांड टास्क असतं तसं प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कही असतं. कमांड टास्कमध्ये तुम्हाला कमांडर नेमतात, मदतीला दोन जण देतात, आणि ते तुमचं ऐकतात. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये कोणालाच नेमत नाहीत. फळी, बल्ली, दोरी आणि वाहून न्यायचं ओझं दिलेलं असतं, आणि गटाने मिळून पलीकडे जायचं असतं. तिथे ओरडणारा मागे पडतो. ज्याने फळी टेकवून धरली, ज्याने मागे राहिलेल्याचा हात धरला, त्याच्याकडे गट आपोआप बघायला लागतो. स्वयंसेवी क्लब हा त्या दुसऱ्या प्रकारचा असतो. फरक इतकाच की, एसएसबीला आलेल्या प्रत्येकाला निवड व्हायची असते, त्यामुळे मैदान सोडून कोणी जात नाही. क्लबात तेवढाही धागा नसतो. तरी आपली शिबिरं सगळ्यांना कमांड टास्कचं शिक्षण देतात आणि मग पाचांतले चार जण कमांडर होऊन उभे राहतात, फळी धरायला एकच उरतो.

ही अडचण आजची नाही. गांधीजी १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले, तेव्हाचा अनुभव त्यांनी आत्मचरित्रात लिहिला आहे. त्यांची उतरायची सोय रिपन कॉलेजात होती आणि लोकमान्य टिळकही त्याच भागात उतरले होते. स्वयंसेवकांना काही काम सांगितलं की पहिला ते दुसऱ्यावर सोपवी, दुसरा तिसऱ्यावर. संडासांची अवस्था वाईट होती. स्वयंसेवकांना दाखवलं तर ते म्हणाले, हे आमचं काम नव्हे, भंग्याचं. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि निदान स्वतःपुरती जागा साफ केली. ही गोष्ट आपल्याला शाळेत झाडूसाठी सांगतात. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वयंसेवकांना नुसता दोष देऊन ते थांबले नाहीत. वर्षातून तीन दिवस जमायचं आणि मग झोपी जायचं, या तीन दिवसांच्या देखाव्यातून प्रशिक्षण ते काय मिळणार, असा त्यांचा रोख होता. आमचंही शिबिर तीनच दिवसांचं होतं, हा योगायोग.

यावर ज्यांनी खरोखर काम केलं ते आपल्याच बाजूचे होते, आणि त्यांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर, धारवाडचे, जन्म १८८९. अमेरिकेत शिकले, तिथे लाला लजपतराय यांच्याबरोबर काम केलं, आणि परत येऊन हुबळीत त्यांनी तरुणांना गोळा केलं. नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांचे स्वयंसेवक गेले, तुरुंगात पडले, पण त्यांनी माफी लिहून दिली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला काकीनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवादल उभं करायचं ठरलं, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावच्या अधिवेशनात हर्डीकरांचे स्वयंसेवक कामाला होते. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. हर्डीकरांच्या सेवादलात कवायत होती, गणवेश होता, शिस्त कडक होती. म्हणजे स्वयंसेवकाला शिस्त चालत नाही, हे खरं नाही. पण ती माणसं वर्षभर एकमेकांबरोबर होती. शिस्त लावणारा त्यांच्याबरोबर तुरुंगातही जाऊन आला होता. अशा माणसाने 'सावधान' म्हटलेलं आणि काल ओळख झालेल्याने म्हटलेलं, यात फरक पडतो.

स्काउटच्या जन्मातही हेच आहे, ते थोडक्यात सांगतो. बेडन-पॉवेल सैन्यातले मोठे अधिकारी, पण १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा त्या मुलांचे चार छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा प्रमुख म्हणून दिला. पाच जणांचा गट असला की कोण आलं नाही हे मोजावं लागत नाही. आमच्या शिबिरात 'अल्फा' गटात तेरा जण होते. त्यातल्या दोघांची नावं मला शेवटपर्यंत कळली नाहीत.

मग आमचे ते रविवार चालले कसे? एका मुलीमुळे. ती सरकारी कन्नड शाळेतली नववीची विद्यार्थिनी, कोणत्याच क्लबाची अध्यक्ष नव्हती. शिबिरात तिची निवड कशासाठीच झाली नव्हती. भाषणाच्या सत्रातही ती दोनच वाक्यं बोलली. पण पहिल्या रविवारपासून तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक मुलाला एक पान. नाव, आई-वडील कोणत्या खोलीत राहतात, घरी कोणती भाषा बोलतात, आणि आज कुठपर्यंत आलं. कन्नडमध्ये बाराखडीला कागुणित म्हणतात. एकाच्या पानावर लिहिलेलं असे, 'कागुणित कै-पर्यंत, पुढे अडतो, ओरडू नका, गोष्ट सांगा'. शनिवारी संध्याकाळी ती सगळ्यांना फोन करायची. "उद्या येताय ना?" एवढंच. येत नाही म्हटलं तर रागवायची नाही. "मग तुमच्या मुलाला कोणाकडे देऊ?" असं विचारायची. या प्रश्नाला उत्तर द्यायला फार जड जातं. बरेचदा तो माणूसच म्हणायचा, थांब, मीच येतो.

मुलं तिला अक्का म्हणत. चौथ्या रविवारपर्यंत आम्ही बारावीला जाणारे घोडेही तिला अक्का म्हणायला लागलो होतो. कोणी ठरवलं नव्हतं.

त्या वहीमुळे एक गोष्ट झाली. एखादा स्वयंसेवक आला नाही तरी त्याच्या मुलाला कुठून पुढे न्यायचं हे दुसऱ्याला पान उघडून कळत होतं. मुलाला पुन्हा 'क'पासून सुरुवात करावी लागत नव्हती. शिकवणारा बदलला तरी शिकवणं चालू राहिलं. हे पाहताना मला आपल्या गेटवरचा संतरी आठवला. संतरी बदली आल्याशिवाय पोस्ट सोडत नाही. बदली आल्यावरही तो नुसता निघून जात नाही. काय पाहिलं, कोण आलं-गेलं, काय सामान ताब्यात आहे, ते सांगून, चार्ज देऊन जातो. सैन्यात कोणतंही काम एका माणसाचं नसतं, ते पोस्टचं असतं, आणि माणसं येत-जात राहिली तरी पोस्ट रिकामी राहत नाही. नववीतल्या त्या मुलीने सैन्य कधी जवळून पाहिलं नसेल, पण सैन्यातली स्वयंसेवकाच्या कामाची खरी गोष्ट तिने उचलली होती. आम्ही उचलली होती ती अल्फा आणि ब्राव्हो.

माझं सगळं म्हणणं यात आलं. क्लबाच्या प्रमुखाला बदली आणि चार्ज शिकवा. भाषण नंतर येईल.

यावर आपल्या इन्स्ट्रक्टर सरांपैकी काहींचं म्हणणं काय असेल, ते मला माहीत आहे, कारण एका सरांशी बोललो तेव्हा त्यांनी ते सांगितलंही. ज्याने आज्ञा पाळायला शिकली नाही त्याला आज्ञा देता येत नाही, आणि अकरावी-बारावीच्या मुलाला दहा जणांसमोर उभं राहून निर्णय घ्यायची सवय कधीतरी लागलीच पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे. निर्णय घ्यावेच लागतात. पाचव्या रविवारी अचानक सभागृहाला कुलूप निघालं, तेव्हा दहा मिनिटांत मुलांना समोरच्या झाडाखाली नेऊन बसवलं ते त्या खणखणीत आवाजाच्या सार्जंटनेच, आणि तिथे त्याचा आवाज फार कामाला आला. वेळेच्या बाबतीतही गणवेशातली मुलं उपयोगी पडली. आम्ही तिघं पावणेनऊला दारात असायचो. तिसऱ्या रविवारपासून मुलंही पावणेनऊला यायला लागली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शिस्त अशीही पसरते. तेव्हा आवाजाला जागा आहे, पण महिन्यातून एकदा. फोन आणि वही दर आठवड्याला लागते. शिबिराचं वेळापत्रक मात्र याच्या बरोबर उलट असतं.

पालकांशीही एक गोष्ट बोलायची आहे. शिबिराला नाव द्यायला गेलो तेव्हा रांगेतल्या बहुतेक आई-बाबांचा पहिला प्रश्न होता, सर्टिफिकेट मिळेल ना? माझ्या बाबांनीही विचारला. त्यात गैर काही नाही, पुढे प्रवेशाला कागद लागतात. पण तासांवर कागद मिळायला लागला की माणूस तास भरतो. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. तिच्यात वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, असा हिशेब आहे. एवढ्या मोठ्या योजनेला काहीतरी मोजमाप लागणारच. तरी तिचं ब्रीद बघा, 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचं आहे, आणि तासांचा हिशेब मात्र माझा असतो. आमच्याकडेही पहिल्या दोन रविवारी सही करून चहा पिऊन गेलेले होते. त्यांचे चार तास भरले. अक्काच्या वहीत त्यांच्या मुलांच्या पानावर काहीच भरलं नाही. पालकांनी घरी आल्यावर 'किती तास झाले' याऐवजी 'तुझं मूल कुठपर्यंत आलं' असं विचारलं, तर निम्मं काम घरीच होईल.

आता आपल्या क्लबाबद्दल. आपल्याकडे अध्यक्ष सत्राच्या सुरुवातीला निवडतात, बहुधा प्रीफेक्टपैकी कोणी, आणि मग त्याला शिबिराला पाठवतात. क्रम उलटा करावा असं मला वाटतं. आधी एक सत्र काम, तेही सगळ्यांत कंटाळवाणं. सामान मोजणं, हजेरी, फोन. त्यात जो टिकेल त्याला शिबिराला पाठवावं, तो कोणत्याही हाऊसचा असो आणि त्याचा आवाज कसाही असो. आठवीतला ज्युनियर असला तरी चालेल. सीनियरने ज्युनियरच्या वहीप्रमाणे काम करायचं, हे आपल्याकडे सोपं नाही, मला माहीत आहे. पण रविवारच्या त्या दोन तासांपुरती फीत खाली ठेवता आली पाहिजे. सैन्यातही तरुण अधिकारी पलटणीत पहिल्यांदा जातो तेव्हा सुभेदार साहेबांकडूनच शिकतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

शिबिर एकदम तीन दिवसांचं न घेता एकेक दिवस असं तीन महिन्यांत पसरावं. मध्ये काम असेल, म्हणजे दुसऱ्या दिवशी यायचं ते प्रश्न घेऊन. पेल्यांचे मनोरे ठेवायचे असतील तर ठेवा, मलाही आवडले. पण एक सत्र नुसतं फोन करण्याचं असावं. हसू नका. न आलेल्या माणसाला, त्याला अपराधी न वाटता, पुढच्या रविवारी परत यावंसं वाटेल असा फोन करणं मी अजून शिकतोच आहे. दुसरं सत्र चार्ज देण्याचं असावं. वही समोर ठेवून, दहा मिनिटांत, दुसऱ्याला सगळं समजेल असं सांगायचं. ज्याला चार्ज मिळाला त्याने लगेच काम करून दाखवायचं. जिथे तो अडेल तिथे चार्ज देणारा कमी पडला.

शेवटची गोष्ट सुट्ट्यांची. आपण वर्षातून दोनदा घरी जातो. आपण ज्या वस्तीत जाऊ तिथली मुलं मात्र तिथेच असतील. आपण दिवाळीला महिनाभर गेलो आणि पोस्ट रिकामी राहिली तर सुरू न केलेलं बरं. म्हणून क्लबात आसपासच्या डे-स्कॉलर शाळांचे विद्यार्थी घ्यावेत, सुट्टीत चार्ज त्यांच्याकडे राहील आणि परत आल्यावर आपल्याकडे येईल. मारतहळ्ळीत मी निघायच्या आदल्या रविवारी माझ्या दोन मुलांची पानं अशीच एका कॉलेजच्या मुलाला दिली. एक 'कै' ओलांडून 'कौ'ला पोचला होता. दुसरी वाचते, पण पुटपुटत वाचते, तिला मोठ्याने वाच म्हटलं की बंद पडते, हे मी तिच्या पानावर लाल शाईने लिहिलं.

इथे रविवारी पीटी सातला संपते आणि मेसचा नाश्ता आठला असतो. साडेआठला बस मिळाली तर नऊला पोचता येईल आणि अकराला निघून जेवणाच्या आधी परत येता येईल. प्रीपचा वेळ जात नाही. पंधरा जणांची सोय झाली तरी पुरे, पाच-पाचांचे तीन गट होतात. वही मी आणली आहे, दोनशे पानी. हाऊस मास्टर सरांच्या टेबलावर ठेवतो आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी पहिल्या पानावर नाव लिहावं आणि नावासमोर, आपण नसू तेव्हा आपल्या जागी कोण येईल, त्याचंही नाव लिहावं. दुसरं नाव नसेल तर पहिलं धरलं जाणार नाही.